बंद जागेतला वास आणि दहा गुंठ्यांचा कोळसा

हिवाळ्यात पहाटे जिंतूर तालुक्यातल्या हरभऱ्याच्या वावरातून चालत गेलं की पायाला लागणारं दव जिभेला आंबट लागतं. ही हरभऱ्याची आंब. जुन्या बायका स्वच्छ धुतलेलं पातळ फडकं पिकावरून अलगद फिरवायच्या, ते पिळून आंब बाटलीत भरून ठेवायच्या आणि कुणाचं पोट दुखलं की पाण्यातून थोडी पाजायच्या. ही आंब पानांवरच्या बारीक लवेतून येते. त्या लवेतल्या अनेक केसांच्या टोकाला डोळ्यांना न दिसणारी ग्रंथी असते आणि तिच्यातून मॅलिक आणि ऑक्झॅलिक ही आम्लं पाझरतात. तुरीच्या कोवळ्या शेंगा तोडताना बोटांना चिकट लागतं, तेही अशाच ग्रंथींमुळे. तुळशीचं पान चुरगळल्यावर वास सुटतो, कारण चुरगळताना या ग्रंथी फुटतात. कीड, ऊन आणि जनावरांचं तोंड यांपासून वाचण्यासाठी वनस्पतींनी केलेली ही सोय आहे.

गांजाच्या झाडाचा वासही याच ग्रंथींतून येतो. या झाडात नर आणि मादी वेगळे असतात. मादी झाडाच्या फुलोऱ्यावर राळेने भरलेल्या ग्रंथींची इतकी दाटी असते की भिंगाखाली सगळा तुरा दहिवर पडल्यासारखा दिसतो. नशा आणणारं द्रव्य त्या राळेत असतं, पण त्याला स्वतःला जवळपास वास नसतो. वास असतो तो राळेतल्या उडून जाणाऱ्या इतर पदार्थांना.

आपल्या भागात अंबाडीची हातासारखी फाकलेली पानं पाहून नवख्या माणसाची गल्लत होऊ शकते. अंबाडीच्या एका जातीचं शास्त्रीय नावच या साम्यावरून ठेवलं गेलं आहे. पान हातात चुरगळलं की मात्र शंका उरत नाही. अंबाडीला आंबट, हिरवा वास येतो. गांजाचा फुलोरा दुरूनच कळतो आणि बोटाला लागलेली राळ साबणानेही लवकर जात नाही.

हे झाड महाराष्ट्राला नवं नाही. 1893 मध्ये ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातल्या भांग-गांजाची चौकशी करण्यासाठी एक आयोग नेमला. त्याने हजाराहून अधिक साक्षी नोंदवल्या आणि 1894 मध्ये अनेक खंडांचा अहवाल दिला. मुंबई इलाख्यातली गांजाची मुख्य लागवड त्या वेळी अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात होती आणि ती परवान्याने, सरकारच्या देखरेखीखाली चाले. जिंतूर तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. शेतात नर झाडं ओळखून उपटून टाकायची, म्हणजे मादी फुलांत बी धरत नाही आणि राळ वाढते, हे त्या काळच्या शेतकऱ्यांना चांगलं ठाऊक होतं. आज परदेशात दिव्याखाली हे झाड वाढवणारेही तेच करतात.

पुढे कायदा बदलला. 14 नोव्हेंबर 1985 पासून लागू झालेल्या अमली पदार्थविरोधी कायद्याने, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात, सरकारी परवानगीशिवाय गांजाचं झाड लावणं हा गुन्हा ठरवला. कलम 20 नुसार लागवडीसाठी 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. झाड वावरात तुरीच्या ओळीत लपवलेलं असो की घरातल्या बंद खोलीत, कायद्याला फरक पडत नाही. शेतकऱ्यांना सहसा कुणी सांगत नाही अशी एक गोष्ट याच कायद्यात आहे. आपल्या जमिनीत कुणी असं झाड लावल्याचं कळलं, तर पोलिसांना लगेच खबर देणं कलम 46 नुसार जमीनधारकाचं कर्तव्य आहे, आणि कलम 47 हीच जबाबदारी सरपंच, पंच आणि गावकामगारांवर टाकतं. बटईने वावर दिलं आणि वर्षभर तिकडे फिरकलोच नाही, असं म्हणणाऱ्या मालकाने हे वाचलेलं बरं.

मग या झाडाच्या वासाचा विषय इथे कशाला? कारण बंद जागेतल्या वासाचं काय करावं, याचा गेल्या काही दशकांत सर्वात चिकाटीने विचार झाला तो या झाडाभोवती. कॅनडात 17 ऑक्टोबर 2018 पासून प्रौढांना गांजा कायदेशीर झाला आणि बहुतेक प्रांतांत एका घरात 4 झाडांपर्यंत लावायला परवानगी मिळाली. जर्मनीत 1 एप्रिल 2024 पासून प्रौढ माणसाला 3 झाडं ठेवता येतात. टोरंटो, मिसिसॉगा, ब्रॅम्प्टन या भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना अपार्टमेंटच्या व्हरांड्यातला हा वास आता ओळखीचा झाला आहे. शेजाऱ्याच्या तक्रारीतून, इमारतीच्या नियमांतून आणि नगरपालिकेच्या नोटिसांतून जे शास्त्र तिथे घरोघरी पोचलं, ते आपल्या गोठ्याला आणि कोंबड्यांच्या शेडलाही तितकंच लागू पडतं.

आधी वास म्हणजे काय ते पक्कं करू. वास हा पदार्थच आहे. फुलाचा, शेणाचा किंवा फोडणीचा वास आला, याचा अर्थ त्या वस्तूचे रेणू हवेत उडून आपल्या नाकाच्या वरच्या भागातल्या ओल्या त्वचेवर येऊन बसले. तिथे वास टिपणारे सुमारे 400 प्रकारचे ग्राहक असतात. त्यांची जनुकं शोधून काढणाऱ्या रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक यांना 2004 चं नोबेल मिळालं. एकेका वासाने कोणते ग्राहक जागे झाले, यावरून मेंदू तो वास ओळखतो.

गांजाच्या वासात मोठा वाटा टर्पीन नावाच्या पदार्थांचा. त्यातला मिर्सीन कैरीच्या चिकात आणि आंब्यात सापडतो, लिमोनीन लिंबा-संत्र्याच्या सालीत, कॅरिओफायलीन मिऱ्यात आणि लवंगेत. हे सगळे आपल्या स्वयंपाकघरातले ओळखीचे वास आहेत आणि एवढेच असते तर शेजाऱ्यांनी तक्रार केली नसती. नाक मुरडायला लावणारा जो उग्र, कुबट भाग असतो, तो कशामुळे, हे बरीच वर्षं नीट कळलं नव्हतं. 2021 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी ‘एसीएस ओमेगा’ या नियतकालिकात दाखवून दिलं की तो काही गंधकयुक्त संयुगांमुळे येतो. ती लसणाच्या उग्रपणाला कारण असलेल्या संयुगांच्या जवळची आहेत आणि फुलोऱ्याच्या शेवटच्या टप्प्यात त्यांचं प्रमाण चढतं.

गंधकयुक्त थायोलांची ताकद किती असते, हे घरात गॅसची शेगडी असलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास जवळपास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात एथिल मरकॅप्टन नावाचा थायोल अगदी अल्प मिसळतात. हवेच्या अब्जावधी रेणूंमध्ये त्याचे एक-दोन असले तरी नाकाला कळतं. गांजाच्या वासातली कळीची संयुगं याच घराण्यातली असल्यामुळे, थोडासा वास सुटला तरी तो थोडासा राहत नाही.

आता हे झाड ज्या बंद जागेत वाढवतात, तिकडे येऊ. थंड देशात लोक हे झाड घरातल्या खोलीत, कापडी तंबूत, विजेच्या दिव्याखाली वाढवतात. तंबूला आतून चकचकीत अस्तर असतं, वर दिवा, खाली कुंड्या. दिव्याची उष्णता आणि पानांनी सोडलेली वाफ यांमुळे आतली हवा काही वेळातच गरम आणि दमट होते. ती बदलली नाही तर फुलोऱ्याला बुरशी लागते. म्हणून तंबू पूर्ण बंद ठेवता येत नाही. दर काही मिनिटांनी आतली सगळी हवा पंख्याने बाहेर काढावी लागते आणि तिच्याबरोबर वासही बाहेर पडतो. ज्या जागेत जीव वाढतो, तिला श्वास घ्यावाच लागतो, आणि वासाची सगळी अडचण तिथून सुरू होते. (जिंतूरच्या एप्रिल-मेमध्ये, पारा चाळिशी ओलांडतो आणि वीज केव्हा जाईल सांगता येत नाही तेव्हा, असा तंबू चालवणं म्हणजे भट्टी पेटवणं. ही पद्धत थंडीच्या देशात का रुजली, याचं अर्धं उत्तर हवामानातच आहे.)

वास आला की माणसाच्या मनात पहिला उपाय येतो तो दुसरा वास वर टाकण्याचा. उदबत्ती लावा, धूप घाला, फवारा मारा, मोरीत डांबराच्या गोळ्या टाका. यातून मूळ रेणू एकही कमी होत नाही. नाकापुढे दोन वास येतात आणि थोडा वेळ जोरदार वास जिंकतो. पुढे दोन्हींचं मिश्रण होऊन आणखी विचित्र काहीतरी तयार होतं. सार्वजनिक स्वच्छतागृहात फिनाइल आणि मूत्राचा जो एकत्र वास येतो, तो आठवा.

नाकाबद्दलच्या दोन गोष्टी इथे समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पहिली, नाक थकतं. एकाच वासात दहा-पंधरा मिनिटं बसलं की तो जाणवेनासा होतो. म्हणून घरमालकाला, गोठ्याच्या धन्याला किंवा कोंबडीवाल्याला आपल्या जागेचा वास कळत नाही आणि पाहुण्याला उंबऱ्यातच कळतो. पाहुणा अतिशयोक्ती करतो असं धन्याला वाटतं. दोघांचीही नाकं खरं सांगत असतात. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हवेतले वासाचे रेणू निम्मे केले तर वास निम्मा होत नाही. ढोबळमानाने, जाणवणारा वास निम्म्यावर आणायचा तर दहातले नऊ रेणू काढावे लागतात, आणि उरलेला पुन्हा निम्मा करायला शंभरातले नव्व्याण्णव. अर्धवट उपायांनी लोक निराश होतात ते याचमुळे. मेहनत केलेली असते, रेणूही खरंच कमी झालेले असतात, पण नाकाला त्याचा पत्ता लागत नाही.

म्हणजे रेणू पकडायलाच हवेत, तेही जवळपास सगळे. हे काम कोळसा करतो.

कोळशाचा हा गुण जुना आहे. स्वीडिश रसायनज्ञ शील याने 1773 मध्ये कोळसा वायू धरून ठेवतो हे मोजून दाखवलं. 1785 मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या लोविट्झने पाहिलं की कोळशाने द्रावणाचा रंग उतरतो. 1854 मध्ये जॉन स्टेनहाउस याने कोळसा भरलेला श्वसनमुखवटा बनवला. मग पहिलं महायुद्ध आलं. 22 एप्रिल 1915 ला बेल्जियममधल्या ईप्र येथे जर्मनांनी क्लोरीन वायू सोडला आणि कोळशाची गरज एकदम लाखो सैनिकांपर्यंत गेली. अमेरिकेत 1918 मध्ये नागरिकांकडून पीच फळाच्या कोया आणि कठीण कवचाच्या फळांची टरफलं गोळा करण्याची मोहीम निघाली, कारण अशा कठीण कवचाचा आणि नारळाच्या करवंटीचा कोळसा विषारी वायू सर्वात चांगला धरतो असं दिसलं होतं. आजही हवेच्या फिल्टरमधला चांगला कोळसा बहुतांश करवंटीचाच असतो आणि तो बनवणाऱ्या देशांत भारत, श्रीलंका आणि फिलिपिन्स पुढे आहेत.

चुलीतला कोळसा आणि हा कोळसा यांत फरक आहे. करवंटी आधी कमी हवेत भाजून साधा कोळसा करतात. त्याच्या छिद्रांत डांबरासारखा चिकट पदार्थ अडकलेला असतो. मग 800 ते 1,000 अंश सेल्सिअसला त्यावर पाण्याची वाफ सोडतात. वाफ डांबर काढून टाकते आणि कोळशाचाही थोडा भाग खाऊन त्यात अतिसूक्ष्म बोगदे कोरते, इतके बारीक की त्यांची रुंदी बहुधा 2 नॅनोमीटरपेक्षाही कमी असते. यालाच ॲक्टिव्हेटेड कार्बन म्हणतात. चांगल्या प्रतीच्या 1 ग्रॅम कोळशाच्या या बोगद्यांच्या भिंती उलगडून पसरल्या, तर क्षेत्र साधारण 1,000 चौरस मीटर भरतं. आपल्या मोजमापात ते जवळपास 10 गुंठे. अर्ध्या चमच्यात मावणाऱ्या काळ्या दाण्यांत 10 गुंठे जमीन. तंबूच्या फिल्टरमध्ये 4 किलो कोळसा असेल, तर त्यात 1,000 एकर मावले.

वासाचा रेणू या भिंतीजवळ आला की रेणू-रेणूंमधल्या क्षीण ओढीने तिला चिकटतो. बोगदा अरुंद असल्यामुळे त्याला दोन्ही बाजूंनी ओढ बसते आणि तो सुटत नाही. पाणी जसं स्पंजात जिरतं तसं इथे होत नसतं, सगळा खेळ पृष्ठभागावर चालतो, म्हणून शास्त्रात याला शोषण न म्हणता अधिशोषण म्हणतात. टर्पीनसारखे जड रेणू फार घट्ट बसतात. घरातल्या पाण्याच्या फिल्टरमधली काळी कांडीही हेच करते, फक्त तिथे नळाच्या पाण्यातला वास काढायचा असतो.

फिल्टर म्हणजे जाळीच्या दोन नळकांड्या, एकात एक, आणि मधल्या काही सेंटिमीटरच्या फटीत काळे दाणे. पंख्याने हवा त्यातून ओढायची. हवा दाण्यांजवळ सेकंदाचा लहानसा अंशच थांबते, पण चांगल्या कोळशाला तेवढा वेळ पुरतो. त्यापेक्षा वेगाने ओढली तर रेणू न चिकटताच निघून जातात. फिल्टरपेक्षा पंखा मोठा घेणारे इथेच चुकतात. आणखी एक बारकावा असा की हवा आत ढकलण्यापेक्षा बाहेर ओढावी. मग आतला दाब बाहेरच्यापेक्षा थोडा कमी राहतो, तंबूचं कापड आतल्या बाजूला खपाटीला जातं आणि शिवणीतून, चेनमधून जी काही गळती होईल ती बाहेरून आत होते. दवाखान्यातल्या क्षयरोग्यांच्या विलगीकरण कक्षातही आतला दाब असाच कमी ठेवतात, म्हणजे तिथले जंतू व्हरांड्यात येत नाहीत.

कोळशालाही मर्यादा आहेत. हवेतली आर्द्रता 70 टक्क्यांच्या वर गेली की पाण्याचे रेणू बोगद्यांत जागा अडवून बसतात. पावसाळ्यात कोळशाचं काम मंदावतं ते यामुळे. धुळीने वरची छिद्रं बुजतात, म्हणून बाहेरून कापडी खोळ लागते. आणि एक दिवस सगळ्या भिंती भरतात. त्या दिवशी वास हळूहळू वाढत नाही, तो एकदम येऊ लागतो. भरलेला कोळसा कारखान्यात पुन्हा शेकडो अंशांना तापवून मोकळा करतात.

बाजारात कोळशाच्या छोट्या पिशव्या मिळतात. कपाटात, गाडीत, स्वच्छतागृहात टांगा आणि महिन्यातून एकदा उन्हात ठेवा, म्हणजे नव्यासारख्या होतात, असं त्यावर लिहिलेलं असतं. उन्हाने ओलावा जातो आणि काही हलके रेणू सुटतात, घट्ट बसलेले जड रेणू उन्हाच्या उष्णतेने हलत नाहीत. शिवाय पंखा नसेल तर खोलीतली हवा त्या पिशवीपर्यंत पोचतच नाही. बुटांच्या कपाटात ठीक आहे, खोलीसाठी त्यावर पैसे घालू नयेत.

ओझोनच्या यंत्राबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. हॉटेलच्या खोल्या आणि जुन्या गाड्यांचा वास घालवायला ही यंत्रं विकली जातात. ओझोन वासाचे रेणू तोडतो हे खरं, पण लिमोनीनसारख्या टर्पीनशी त्याचा संयोग झाला की फॉर्मल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. ओझोन स्वतःही फुप्फुसांना इजा करतो. अमेरिकेची पर्यावरण संस्था माणसं राहतात अशा जागी ही यंत्रं लावू नका, असंच सांगते. घरात दम्याचा माणूस असेल तर विचारही करू नये.

मोठ्या प्रमाणावर काय होतं, ते कॅलिफोर्नियातल्या कार्पिंटेरिया खोऱ्याने पाहिलं. समुद्राकाठचं हे गाव. तिथल्या काचघरांत पूर्वी फुलं पिकायची. गांजा कायदेशीर झाल्यावर अनेक काचघरांनी पीक बदललं आणि गावाला वास येऊ लागला. शाळांच्या, घरांच्या तक्रारी सुरू झाल्या. उत्पादकांनी आधी काचघरांभोवती छिद्रांचे पाइप फिरवून वनस्पती-तेलांची वाफ सोडली. वास बदलला, गेला नाही, आणि लोक आता दोन वासांची तक्रार करू लागले. शेवटी काचघरांच्या आतच हवा कार्बनमधून फिरवणारी यंत्रं बसवण्याकडे गाडी आली. डेन्व्हर शहरात तर वास मोजायला निरीक्षक नाकाला लावायचं नळकांड्यासारखं एक उपकरण वापरतात. त्यात एक भाग रस्त्यावरची हवा आणि सात भाग कोळशाने गाळलेली हवा मिसळते. तरीही वास आला तर नियम मोडला. एवढी यंत्रं निघाली, पण वासाचा शेवटचा निवाडा अजून माणसाच्या नाकाकडेच आहे. आपल्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2008 मध्ये दुर्गंधी नियंत्रणाची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांतही प्रशिक्षित नाकांनी वास मोजण्याची पद्धत दिली आहे.

आता जिंतूरकडे. इथे बंद जागेत वाढणारं पीक म्हणजे शेळ्या आणि कोंबड्या. चराऊ रानं आटत गेली तशी गेल्या काही वर्षांत मराठवाड्यात बंदिस्त आणि अर्धबंदिस्त शेळीपालन वाढलं. काळ्या, चमकदार उस्मानाबादी शेळ्यांचा हाच मुलूख. पूर्वी दिवसभर रानात राहणारी जनावरं आता पत्र्याच्या शेडखाली उभी असतात आणि शेड बहुतेक वेळा घराला लागून असते. गावात भांडणं होतात ती यावरून.

या शेडमध्ये दोन वेगळे वास असतात आणि दोघांचे उपाय वेगळे. एक बोकडाचा. त्याच्या डोक्यावरच्या, शिंगांमागच्या त्वचेतून आणि केसांतून माजाच्या काळात विशिष्ट पदार्थ सुटतात. टोकियोतल्या संशोधकांनी 2014 मध्ये त्यातला 4-एथिलऑक्टॅनल ओळखला. त्याचा गंध नुसता नाकाशी आला तरी शेळीच्या मेंदूतलं प्रजननाचं केंद्र जागं होतं. हाच पदार्थ हवेत राहून 4-एथिलऑक्टॅनॉइक आम्ल झाला की आपण ज्याला बोकडाचा वास म्हणतो तो येतो. हा वास रोग नाही, तो घालवूही नये, शेळ्या माजावर आणायला तो कामाचा आहे. फक्त दूध काढायच्या जागेपासून बोकड लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला बांधावा, कारण हे आम्ल स्निग्ध पदार्थात लगेच मुरतं आणि दुधाला वास धरतो.

दुसरा वास अमोनियाचा, आणि तो अपाय करतो. मूत्रातला युरिया आणि लेंड्यांतले जिवाणू एकत्र आले की काही तासांत अमोनिया तयार व्हायला लागतो. तो जमिनीलगत तयार होतो, म्हणजे खाली बसलेल्या करडांच्या नाकाशी सगळ्यात दाट. त्यांना खोकला, डोळ्यांतून पाणी, पुढे फुप्फुसांचे आजार होतात. माणसांच्या कामाच्या जागी अमोनिया हवेच्या दशलक्ष भागांत 25 भागांपेक्षा जास्त नसावा असं मानतात. तंबूचा कार्बन फिल्टर इथे आणून टांगला तरी उपयोग होणार नाही. अमोनियाचा रेणू फार लहान आणि हलका, साध्या ॲक्टिव्हेटेड कार्बनवर तो टिकत नाही. त्यासाठी आम्लात भिजवलेला कोळसा लागतो आणि उघड्या शेडला तो परवडत नाही.

म्हणून इथे रेणू तयारच होऊ न देणं हा खरा उपाय. मूत्र आणि लेंड्या वेगळ्या झाल्या पाहिजेत. फटींच्या लाकडी माच्यावर शेळ्या ठेवल्या तर मूत्र खाली गळून जातं आणि अंगही कोरडं राहतं. जमिनीवर ठेवायच्या असतील तर उतार द्यावा, मूत्राला नाली काढावी, ओला भुसा रोज काढून कोरडा टाकावा. पाण्याचं भांडं सांडणार नाही असं बांधावं. कोंबड्यांच्या शेडमध्ये बराचसा वास पाण्याच्या गळक्या निपलखालच्या ओल्या गादीतून येतो, हे कुठल्याही अनुभवी पोल्ट्रीवाल्याला विचारा.

वास आला की चुना टाकायचा, ही आपल्याकडची सार्वत्रिक सवय इथे उलटी पडते. चुना अल्कधर्मी. ओल्या शेणा-मूत्रातला अमोनिया जोवर आम्लधर्मी परिसरात असतो, तोवर तो अमोनियमच्या रूपात बांधलेला राहतो. चुना पडला की तो सुटा होऊन वायू बनतो आणि दोन तास शेडमध्ये उभं राहवत नाही. जंतुनाशासाठी चुना लावायचाच तर शेड रिकामी करून, धुऊन, वाळवून भिंतींना लावावा. उकिरड्यात मात्र त्याच्या उलट्या गुणाचं सिंगल सुपर फॉस्फेट पसरलं तर अमोनिया धरला जातो आणि नत्रही खतात राहतं. ते जनावरांच्या तोंडाशी जाणार नाही एवढी काळजी घ्यावी.

आणि पऱ्हाट्या. कापसाची वेचणी संपली की जिंतूर, सेलू, मानवत या पट्ट्यात पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर पेटवले जातात. त्याच पऱ्हाट्या खड्ड्यात किंवा ड्रममध्ये कमी हवेत जाळून, ज्वाळा बसल्यावर पाणी मारून विझवल्या, तर राखेऐवजी कोळसा हाती येतो. हा करवंटीच्या ॲक्टिव्हेटेड कार्बनच्या तोडीचा नसतो, तेवढी अपेक्षाही धरू नये. पण बारीक करून उकिरड्यात थरावर थर टाकला तर तो अमोनियम आणि ओलावा दोन्ही धरतो, आणि पुढे वावरात गेल्यावर जमिनीत वर्षानुवर्षं टिकतो. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ जवळच आहे. आपल्या शेडचा आकार आणि जनावरांची संख्या घेऊन तिथल्या तज्ज्ञांना किंवा तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारायला काही लागत नाही.

एक तपासणी मात्र आजच करता येईल. सकाळी शेडमध्ये शिरल्याबरोबर, नाक सरावायच्या आत, करडाच्या उंचीला खाली बसा आणि चार श्वास घ्या. डोळे चुरचुरले, तर उदबत्ती किंवा फवाऱ्यावर एक रुपया घालू नका. फावडं घ्या आणि खालची ओली गादी बाहेर काढा.